खाऱ्या बांगड्याचं पाणी

घाटकोपरच्या पंतनगरात जयवंत परबांना ठाऊक नाही असा विषय अजून निघालेला नाही. नळ गळो नाहीतर गुडघा दुखो, परबकाकांकडे उपाय तयार. उपाय चालला नाही, तर दोष नळाचा. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण ‘चुकलो’ हा शब्द रत्नप्रभाकाकूंनी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

जुलैत काकू महिनाभर कणकवलीला भावाकडे गेल्या आणि खिडकीच्या ग्रिलमधली अनंताची कुंडी काकांच्या हवाली करून गेल्या. काकूंनी आईच्या परसातली फांदी लावून वाढवलेलं झाड. आई आता नाही. काकांना झाडाचं फारसं प्रेम नाही, पण काकूंचं आहे, त्यामुळे सेवा जोरात सुरू झाली.

मासे धुतलेलं पाणी झाडाला घालावं, हे कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पण पावसाळ्यात मासेमारी बंद, ताजी मासळी कुठली? काका रोज खारे बांगडे भिजवत आणि ते पाणी कुंडीत ओतत. आठवड्यात पानांनी माना टाकल्या. तहान लागली असेल म्हणून काकांनी दुप्पट ओतलं. माती ओलीचिंब आणि झाड सुकतंय, हे बघून मात्र त्यांचं धाबं दणाणलं.

सून ऋतिका शाळेत विज्ञान शिकवते. तिने मातीवरचा पांढरा थर नखाने खरवडला.

“बाबा, काकडीला मीठ लावलं की काय होतं?”

“पाणी सुटतं. हे काय विचारणं झालं?”

“बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी तिकडे ओढलं जातं. तुम्ही मुळांची कोशिंबीर केलीत. कुंडीत पाणी आहे, पण मुळांना ते घेता येत नाही. उलट त्यांचंच बाहेर चाललंय.”

काकांनी आधी कुंडीला नावं ठेवून पाहिली. मग ती गुपचूप बाथरूममध्ये नेली आणि चार दिवस वरून साधं पाणी ओतत राहिले. मीठ खालच्या भोकातून वाहून गेलं.

काकू परतल्या तेव्हा झाडावर अकरा पानं उरली होती आणि शेंड्याला एक हिरवा कोंब होता. काका दारातच म्हणाले, “चुकलो गो. खाऱ्या बांगड्याचं पाणी घातलं मी.”

काकू हातातल्या पिशवीसकट झाडाजवळ गेल्या आणि त्यांनी कोंबाला बोट लावून पाहिलं.

“गेल्या पावसात मिरचीचं रोप गेलं ना,” त्या हळूच म्हणाल्या, “त्याला मी पण हेच पाणी घालायचे. आणि तुमच्या खताने मेलं म्हणून वर्षभर तुम्हाला ऐकवलं.”

एवढी मोठी संधी परबकाकांना आयुष्यात आली नव्हती. त्यांनी काकूंच्या हातातली पिशवी घेतली आणि चहाचं आधण ठेवलं.