दोरी ओढणाऱ्याला अभय

पुढची औद्योगिक क्रांती नरहरींना नागपूरच्या एका हॉटेलात भेटली. मॅनेजमेंटच्या शिबिरात, भरपेट जेवणानंतर. पहिली क्रांती वाफेची, दुसरी विजेची, आता येणारी कामगाराच्या डोक्यातून येणार, असं वक्त्याने सांगितलं. नरहरी भारावले. भिलाईला परतले ते जणू क्रांतीच डब्यात भरून घेऊन.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. भिलाईजवळ जामुलकडच्या एका खाजगी कारखान्यात ते पर्सोनेल ऑफिसर होते. तिथे रेल्वेच्या ब्रेकचे ठोकळे ओतत. भट्टीतलं लोखंड लाडल नावाच्या मोठ्या बादलीत यायचं आणि सरकत्या पट्ट्यावरच्या साच्यांत पडायचं. नरहरींनी हे सगळं खिडकीतून पाहिलेलं. जवळ गेलं की शर्टावर ठिणग्या उडत.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांनी या क्रांतीवर व्याख्यान ठोकलं. स्टील प्लांटमधून रिटायर झालेले श्यामराव पुढच्याच खुर्चीत होते.

"डोकं कामगाराचं, मंग साहेबाचं काय काम राह्यलं?"

"श्यामराव, तुम्ही अजून वाफेतच अडकून राह्यले."

लोक हसले. नरहरींना वाटलं, विषय पोचला.

मग कारखान्यात दोरी आली. जपानातल्या मोटारींच्या कारखान्यात म्हणे पट्ट्यावर अशीच दोरी असते. माल खराब दिसला की कोणीही कामगार ती ओढतो आणि पट्टा थांबतो. शेठला कल्पना आवडली, कारण दोरी स्वस्त होती. दोरीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला.

"कोणीही ओढा," नरहरी म्हणाले. "ओढणाऱ्याला कोणी एक शब्द बोलणार नाही. माझा शब्द आहे."

पट्ट्याच्या टोकाशी चिंधू ठोकळे तपासायचा. नरहरींच्याच गावचा, गोंदियाकडचा. त्यांनीच त्याला चिकटवलं होतं.

"साहेब, खरंच कोनी काई म्हननार नाई?"

"अरे, जपानात टाळ्या वाजवतात."

दिवाळी गेली, दोरी कोणी ओढेना. खराब ठोकळा दिसला की लोक तो गुपचूप बाजूला टाकत. अंगावर कोण घेईल? इकडे शेठ विचारू लागला, स्कीमचं काय झालं. क्रांतीला निदान एक उदाहरण तरी हवं. नरहरी चिंधूकडे गेले.

"कावून ओढत नाई रे तू?"

"भेव लागते, साहेब."

"मी हाओ ना. माह्या गावचा होऊन माह्यंच नाक कापून राह्यला."

आठवड्याभरात एका दुपारी ओळीने भोकं पडलेले ठोकळे आले. साच्यांची वाळू ओली होती. चिंधूने नरहरींच्या खिडकीकडे पाहिलं आणि दोरी ओढली. घंटा वाजली. पट्टा थांबला.

नेमकी तेव्हाच लाडल भरली होती. साचे पुढे सरकेनात, ओतायला जागा नाही. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. मोटार पट्ट्यावर थांबते. वितळलेलं लोखंड थांबत नाही. ते लाडलमध्येच थिजलं. भट्टी बंद करावी लागली.

शेठ आला. ठोकळ्यांना भोकं का पडली हे त्याने विचारलं नाही.

"किसने खींची?"

चिंधू पुढे झाला. त्याला अजून वाटत होतं, आता साहेब बोलतील.

"नरहरीजी, स्कीम आपकी थी ना?"

 नरहरींच्या मदतीला शिबिरातला एक शब्द देवासारखा धावून आला.

"स्कीम तो ठीक थी, सेठजी. इम्प्लिमेंटेशन में गड़बड़ हो गई."

इम्प्लिमेंटेशन चार पावलांवर उभं होतं. डोक्याला गमछा बांधून. त्याला त्याच दिवशी काढलं. नोटीस नरहरींनीच लिहिली. भाषा त्यांची पहिल्यापासून चांगली.

रविवारी ते कॅम्प-१ वस्तीत चिंधूच्या घरी गेले. माणुसकी सोडून कसं चालेल? चिंधूच्या बायकोने, मैनाबाईने, अंगणात खाट टाकली. चहा मात्र ठेवला नाही.

"तुमी शब्द देला होता," चिंधू म्हणाला.

"मंग मोडला कुठं? नोटीस वाच. दोरीचं नावच नाई तिच्यात. लाडल खराब केल्याची हाये." नरहरी सरसावून बसले. "हे पाहा, बदल म्हटला की पहिल्या माणसाले झळ लागतेच. तू याच्यातून शिकला पाह्यजे. इंग्लंडात जवा पहिल्या गिरण्या निघाल्या..."

"उठा भाऊ," मैनाबाई म्हणाली. "खाट आत घ्याची हाये."

आभाळ निरभ्र होतं. खाट आत घेण्याचं काही कारण नव्हतं. नरहरी उठले, पँट झटकली. गल्लीतून जाताना त्यांना मनापासून वाईट वाटलं. या लोकांना काही समजावून सांगायचं म्हणजे किती कठीण!