शेवंतीच्या माळेनं भरलेली टाकी

राजाजीनगरात आम्ही राहायला आलो तेव्हा बाबांना कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली होती आणि मला टाकी बघायची. घर अक्कांचं. त्या खाली, आम्ही वर, आणि टाकी आमच्याही डोक्यावर, गच्चीवर. अक्का मराठीच, पण त्यांच्या पणजोबांचे पणजोबा इकडे कानडी मुलखात आलेले, त्यामुळे त्यांचं मराठी आम्हाला अर्धं कळायचं आणि आमचं ऐकून त्या तोंडाला पदर लावून हसायच्या.

मागच्या विहिरीवर मोटार होती, तिचं बटण अक्कांच्या स्वयंपाकघरात. बटण दाबायच्या आधी टाकीत किती पाणी आहे ते कळायला हवं, नाहीतर टाकी भरून वाहायची आणि गच्चीवर वाळत घातलेले अक्कांचे सांडगे पोहायला लागायचे. म्हणून रोज सकाळी मी लोखंडी शिडी चढायची, खुणांची काठी टाकीत बुडवायची आणि वरून ओरडायचं, "अक्का, पाव."

आता समोरच कॉलेजच्या मुलांचं लॉज होतं. सगळी टोळी त्याच वेळी गच्चीवर दात घासत उभी. मराठीचं अक्षर कळत नव्हतं त्यांना, पण एके दिवशी मी "पाव" म्हटलं आणि तिकडून फेसाळ तोंडांनी उत्तर आलं, "पाव". मग बसस्टॉपवर त्यांच्यातलाच एक जण माझ्या शेजारून जाताना अगदी गंभीरपणे म्हणाला, "अर्धी." मी घरी येऊन बाबांना सांगून टाकलं की एक तर ती शिडी, नाहीतर माझं कॉलेज.

बाबांना तेवढंच हवं होतं. म्हणाले, "इंडिकेटर करू. खाली अंगणात उभं राहून टाकीची लेव्हल कळेल."

कल्पना अशी की टाकीत एक तरंगता डबा, त्याला तार, तार कप्पीवरून भिंतीच्या बाहेर, आणि तारेच्या टोकाला डब्यापेक्षा थोडा हलका दगड. पाणी चढलं की डबा वर, दगड खाली. भिंतीवर गेरूनं खुणा. बाबांनी डालड्याचा डबा आणला, तर अक्का शिडीच्या पायथ्याशी आडव्या उभ्या राहिल्या.

"अण्णा, ह्याच पाण्यानं मी देव धुते. त्यात डालडा?"

"रिकामा आहे हो अक्का. धुतलाय."

"बेडा. नको म्हटलं की नको. पाणी बाटतं."

शेवटी आईच्या रुखवतातला तांब्याचा चंबू गेला. बाबांनी त्यात वजनापुरती थोडी वाळू भरली, तोंडावर पत्रा बसवून डाख दिला, आणि तांब्यानं पाणी शुद्ध होतं हे अक्कांना आमच्या आधीच माहीत होतं. आई मात्र दोन दिवस बाबांशी कामापुरतंच बोलली.

अक्कांनी अट घातली. "गौरीपर्यंत बघते. माझ्या नणंदा देवनहळ्ळीहून येतात, घर भरलेलं असतं. तेव्हा पाणी कमी पडलं तर हे सगळं खाली आणि पुट्टी वर." पुट्टी म्हणजे मी. म्हणजे माझा सगळा जन्म त्या दगडाला टांगलेला.

आणि काय चाललं हो ते यंत्र, झकास. फक्त खुणा उलट्या होत्या. 'भरली' तळाशी आणि 'रिकामी' वर. अक्कांना ते पटेना. दगड खाली आला की त्या घाबरून मोटार लावायला धावायच्या. बाबांनी कागदावर काढून दाखवलं, मी काडेपेटी आणि दोरा घेऊन दाखवलं, काही नाही. मग एका सकाळी त्यांचं त्यांनाच उमगलं.

"असं सांगायचं की अण्णा. देवी खाली उतरली की घर भरतं."

"तसंच, अगदी तसंच," बाबा म्हणाले. ती त्यांची चूक.

कारण काळा गुळगुळीत दगड, मागे गेरू, शेजारी तुळस. पहिल्या शुक्रवारी दगडाला हळदकुंकू लागलं. दुसऱ्या शुक्रवारी एक फूल. बाबा खूश, म्हणाले, कारखान्यात माझ्या कामाला एवढा मान नाही.

गौरीच्या दिवशी सकाळी दगड तळाशी, 'भरली'वर. अक्का निश्चिंत, मोटार बंद. नणंदा एकामागून एक न्हायला गेल्या. दगड तिथंच. भांडी झाली, पाय धुऊन झाले, दगड हलेना. आई म्हणाली, "तांब्याचा गुण असेल." तेवढ्यात न्हाणीघरातून मोठ्या नणंदेचा आवाज आला. डोक्याला शिकेकाई, डोळे मिटलेले आणि नळ कोरडा.

मी शिडी चढले. समोरून "अर्धी?" असं आलंच, पण मी आत बघत होते. तळाला ओल तेवढी, आणि आईचा चंबू वर हवेत लोंबकळतोय. मी खाली वाकून बघितलं तर दगडावर शेवंतीची ही जाड माळ, वर पाणी शिंपडलेलं, निथळती. देवी चंबूपेक्षा जड झाली होती.

नणंदेसाठी विहिरीवरून बादल्या ओढताना बाबांनी हळूच कारण सांगितलं. मला वाटलं, संपलं, उद्यापासून काठी.

अक्का दगडाकडे बघत राहिल्या. "म्हणजे माझ्या माळेनं?"

"थोडंसं वजन झालं, अक्का."

"मग यंत्राला कशाला दोष. देवीला वजन असणारच." माझा जीव भांड्यात पडतोय तोच त्या म्हणाल्या, "पण माळ बंद होणार नाही. एकदा पूजलं ते पूजलं."

बाबांनी काढलेली माळ स्वयंपाकघरातल्या तराजूत टाकली आणि घासाघीस सुरू झाली. इथं फुलं मोळावर विकतात, मोळ म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. ही चार मोळ होती.

"एक मोळ. मोगरा. शेवंती नाही," बाबा म्हणाले.

"दोन."

"चंबू उचलला जाईल, अक्का."

"स्वल्प वाळू घाला की त्यात."

"मग बुडेल."

अक्कांनी सुस्कारा सोडला. "सरी, बरं तर. एक. पण मोळ कुणाच्या हाताचा? फूलवालीचा हात आखूड आहे, मी तिच्याशी रोज भांडते. माझ्या हातानं."

बाबांनी अक्कांचा हात पाहिला, चांगला लांब होता. मग त्यांनी घरातल्या सगळ्यांना हात पुढे करायला लावले, नणंदांनासुद्धा, आणि एकीचे केस अजून ओलेच होते. सगळ्यात आखूड निघाला माझा.

तेव्हापासून शिडी सुटली माझी. आता दर शुक्रवारी बाजारात जाते, फूलवालीपुढे कोपर टेकते आणि माझ्याच हातानं माप असं सांगते. तिच्या आयुष्यात कमी फुलं मागणारं गिऱ्हाईक मी पहिलीच. ती मला वेडी समजते, आणि दर वेळी कीव येऊन चार कळ्या जास्त घालते. देवीला त्या जड होतील, म्हणून बसस्टॉपवर पोचेपर्यंत मी त्या केसांत माळून टाकते.