दरीकाठची पंगत

पंचवटी कारंजावरून सकाळी सुटणारी खंडेराव बोरस्ते यांची मेटाडोर दुपारच्या जेवणाच्या वेळेला परत येत असे. मधल्या वेळात ती प्रवाशांना इगतपुरीच्या पलीकडे, कसारा घाटाच्या तोंडाशी, उंटदरीच्या काठावर नेई. प्रवाशांना तिथे पोचवणं हे खंडेरावांचं काम. त्यांना तिथे बसवणं हे लताबाई दोंदे यांचं.

ही अर्ध्या दिवसाची सहल खंडेरावांनी १९७९ च्या पावसाळ्यात सुरू केली. बाहेरगावचा माणूस नाशिकला येतो, रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन एका दिवसात करतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीपर्यंत धर्मशाळेत लोळत पडतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ती मोकळी सकाळ त्यांना हवी होती. गाडी होती, ड्रायव्हर होता. दरी माहीत असलेला माणूस नव्हता. इगतपुरीचा, मराठी आणि हिंदी दोन्ही नीट बोलणारा कोणी असेल तर सांगा, असं त्यांनी चार ठिकाणी बोलून ठेवलं. त्यांच्या डोक्यात पुरुषमाणूस होता. आल्या लताबाई.

लताबाईंचे वडील रेल्वेत गँगमन. बालपण इगतपुरीच्या रेल्वे चाळीत गेलं. शाळा सुटली की शेळ्या घेऊन दरीच्या काठाने हिंडायचं, त्यामुळे कुठे कातळ आहे आणि कुठे नुसतं गवत हवेत वाढलंय, हे पायांना ठाऊक झालेलं. लग्न होऊन त्या नाशिकरोडला आल्या. नवरा छापखान्यात. त्यांनी स्वतः वस्तीतली बालवाडी काही वर्षं चालवली. ती चालवणाऱ्या संस्थेने हात आखडता घेतला तेव्हा पोरं घरोघर गेली आणि लताबाई मोकळ्या झाल्या.

पहिल्या फेरीला काय झालं, ते खंडेराव पुढे सगळ्यांना हसत सांगत. त्या दिवशी मात्र ते हसले नव्हते. गाडी थांबली आणि माणसं मूठ उघडावी तशी पांगली. कोणी खोली बघायला वाकलं, कोणी दगड टाकून तो कधी आपटतो ते ऐकू लागलं, दोन बायका सोनकीची फुलं तोडत थेट कडेला गेल्या. लताबाई ओरडत होत्या आणि कोणीही ऐकत नव्हतं. घसा बसला, पण सगळे सुखरूप परत आले.

दुसऱ्या फेरीला त्या घरून मोठं पातेलं भरून पोहे घेऊन आल्या. भरपूर शेंगदाणे, वर कोथिंबीर; यात्रेकरूंना चालत नाही म्हणून कांदा नाही. घोटीच्या बाजारात पळसाच्या पत्रावळी घेतल्या. दरीवर पोचल्यावर कोणी उतरायच्या आत त्यांनी काठापासून चांगलं मागे, सपाट कातळावर पत्रावळी एका रांगेत मांडल्या, प्रत्येकीवर एक खडा ठेवला आणि म्हणाल्या, “चला, पान मांडलंय.”

माणसं आली आणि दरीकडे तोंड करून रांगेत मांडी घालून बसली. काहींनी सवयीने चपला मागे काढून ठेवल्या. पातेलं फिरलं. सगळ्यांचं होईपर्यंत कोणी उठलं नाही, कारण पंगतीतून मध्येच उठायचं नसतं, हे कोणाला सांगावं लागत नाही. त्या वेळात लताबाईंनी बसल्या बसल्या दरी दाखवली. समोरच्या कड्यावर एकावर एक रचल्यासारखे काळ्या दगडाचे थर, त्यांतून सुटलेली पाण्याची बारीक दोरी, खाली कोकणात उतरणारा ओढा, त्याच्या कडेला ठाकरांच्या वाडीचा धूर. माहिती त्या कमीच सांगत. घाटातून रेल्वेचा आवाज आला की तेवढं सांगत, की गाडीला मागून आणखी इंजिनं लावली आहेत आणि ती ढकलत वर आणताहेत. मग थोडा वेळ सगळे ऐकत.

ही युक्ती त्यांना बालवाडीत सापडली होती. पोरांना सुकडी वाटायच्या वेळी कितीही दंगा असला तरी पुढ्यात ताटली आली की पोर बसतं. मोठ्या माणसांचं वेगळं काही नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

दोन पावसाळे असे गेले. सहलीचं नाव झालं. प्रवाशांपैकी निम्मे तरी वेणीमाधव गुरुजींकडून येत. गुरुजी पंचवटीतले तीर्थोपाध्याय. त्यांचे यजमान विदर्भातून, खानदेशातून, गुजरातेतून येऊन त्यांच्याच घरी उतरत, आणि श्राद्ध, अभिषेक आटोपला की गुरुजीच त्यांना खंडेरावांच्या गाडीत बसवत.

१९८१ च्या भाद्रपदात गुरुजींच्या एका यजमानीणबाईंनी परत आल्यावर विचारलं, की ते पोहे कोणाच्या घरचे. लताबाईंनी हे कधी लपवलं नव्हतं. गाडीत कोणी आडनाव विचारलं तर दोंदे सांगत, आणि त्यानेही समोरच्याचं समाधान झालं नाही तर “आम्ही बौद्ध” असंही सांगत आणि पुढचा रस्ता दाखवू लागत. यजमानीणबाईंनी ते गाडीत विचारलं नव्हतं. गुरुजींना विचारलं. गुरुजींनी खंडेरावांना विचारलं.

खंडेराव आडगावचे. मन वाईट नाही, पण निम्मी गाडी रिकामी जाण्याची त्यांना भीती होती. त्यांनी लताबाईंना गाठलं आणि वेळेपासून सुरुवात केली. पंगतीत लय वेळ जातो, म्हणाले, ती काढली तर सकाळची एक आणि दुपारची एक अशा दोन फेऱ्या होतील. बिस्किटं, फरसाण यांच्या बंद पुड्या आणतो, गाडीतच वाटू. तुमची पहाटेची चूल वाचेल.

लताबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“पुडी हातात घेतली की माणूस उभा राहतो,” त्या म्हणाल्या. “उभा राहिला की चालायला लागतो. चालला की कडेला जातो. मग मी काय करू?”

“तुम्ही बसा म्हणायचं.”

“पहिल्या दिवशी म्हणाले होते.”

मग लताबाईंनीच विचारलं, “भाऊ, हे वेळेचं आहे की पोह्यांचं?”

खंडेरावांनी गाडीच्या टायरकडे बघितलं. “गुरुजी म्हणत होते,” एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

शेवटी असं ठरलं, की रविवारी गुरुजींना घेऊन खंडेराव स्वतः येतील आणि पुड्यांवर एक फेरी करून बघतील. जमलं तर पुढे तेच. लताबाईंनी त्याला हो म्हटलं आणि आपली बाजूही सांगून टाकली. पंगत बंद झाली, तर सोमवारपासून त्या गाडीत नसतील. रागाने नव्हे. माणसं कडेवर मोकळी सोडून त्यांची जबाबदारी घेणं त्यांना जमणार नव्हतं, आणि स्वतःच्या घरचं पातेलं घरी ठेवून दुसऱ्याच्या पुड्या वाटणंही.

रविवारी वाडीवऱ्ह्यापर्यंत ऊन होतं. घोटीला आभाळ आलं. पुड्यांचं खोकं ड्रायव्हरच्या शेजारी होतं आणि लताबाईंच्या पायाशी, सीटखाली, कापडात बांधलेलं पातेलं. ते खंडेरावांनी पाहिलं, पण चारचौघांत काही बोलले नाहीत.

दरीवर लताबाई नेहमीप्रमाणे आधी उतरल्या आणि कातळावर पत्रावळी मांडल्या. खंडेराव जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “बाई, आपलं काय ठरलं होतं?”

“वाढायचं नाही, एवढं ठरलं होतं. बसवायचं नाही असं कुठं ठरलंय?”

माणसं बसली. पुड्या अजून खोक्यातच होत्या. आदल्या दिवशी जाऊन आलेल्यांनी धर्मशाळेत पोह्यांचं सांगितलेलं होतंच, त्यामुळे रिकाम्या पत्रावळीपुढे सगळे शांतपणे वाट बघत राहिले. सटाण्याकडच्या भिमाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई रांगेच्या टोकाला होत्या. त्यांनी वाऱ्याने उडू नये म्हणून पत्रावळीवर हात ठेवला होता.

दोघेच बसले नाहीत. आपल्याला पंगतीची गरज नाही, हे दाखवायचं होतं की नुसती दरी बघायची होती, कोण जाणे. पण खंडेराव गुरुजींना घेऊन रांगेच्या पुढे गेले. गुरुजींनी छत्रीचं टोक जमिनीत रोवलं आणि तिच्यावर हात टेकून खाली बघू लागले. खंडेराव बोटाने वाडी दाखवत होते.

तेवढ्यात वाडी दिसेनाशी झाली. या भागात धुकं वरून उतरत नाही, कोकणातून दरीतून वर चढतं, आणि चढायला लागलं की फार वेळ घेत नाही. आधी समोरचा कडा गेला, मग पाण्याची दोरी, मग खंडेरावांचा सदरा. पंगतीतल्या माणसाला शेजारचा माणूस दिसेना. पण पुढ्यात पान होतं आणि त्यावर अजून काही वाढलेलं नव्हतं, म्हणून एकही जण उठला नाही.

पुढून खंडेरावांचा आवाज आला. “बाई, मी येतो तिकडं. आवाज देत ऱ्हा.”

“येऊ नका,” लताबाई म्हणाल्या. “माझा आवाज समोरच्या कड्याला लागून परत येतो. तुम्ही त्याच्या मागे जाल. दोघेही आहात तिथे खाली बसा.”

मग त्यांनी पुन्हा विचारलं, “बसलात का?”

“बसलो,” खंडेराव म्हणाले. थोड्या वेळाने गुरुजींचाही आवाज आला, की खाली ओलं आहे. लताबाईंनी ओलं असू द्या म्हणून सांगितलं. मग म्हणाल्या, की हाताने चाचपा. जिकडे जमीन चढती लागेल तिकडे पाठ करा आणि बसल्या बसल्याच मागे सरका. उठायचं नाही. पंगतीला सांगितलं, की बोलत राहा, म्हणजे त्यांना कळेल. पंगत गोंधळली. काय बोलायचं ते सुचेना. भिमाबाईंना सुचलं.

“या गुरुजी,” त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, “आठे जागा शे.”

पंगत हसली, आणि हसू सगळ्या बाजूंनी एकदम न येता मागून, माणसांच्या रांगेतून आलं. त्या रोखाने दोघे सरकत आले. आधी खंडेराव भिमाबाईंच्या गुडघ्याला लागले, मग गुरुजी खंडेरावांना.

लताबाईंनी पातेलं काढलं आणि त्याच कापडाने कमरेशी बांधून घेतलं. धुकं निवळेपर्यंत माणसं बसलेली राहायला हवी होती, आणि रिकाम्या पानापुढे ती किती वेळ बसतील याचा त्यांना अंदाज होता. त्या रांगेच्या मागून चालू लागल्या. एक हात प्रत्येकाच्या खांद्यावर टेकवत, कारण रांग चुकली तर त्या स्वतःच कडेला जायच्या, आणि दुसऱ्या हाताने वाढत. खांदा, पोहे, खांदा, पोहे. खंडेरावांच्या पुढे पान नव्हतं. त्यांनी ओंजळ पुढे केली आणि खायला लागले.

गुरुजींच्या खांद्याला हात लागला तेव्हा लताबाई म्हणाल्या, “गुरुजी, वाढू का?”

“मला आज चालत नाही,” गुरुजी म्हणाले.

लताबाईंनी कारण विचारलं नाही. परत फिरताना त्यांनी गुरुजींच्या खांद्यावर पुन्हा हात टेकवला. गुरुजी हलले नाहीत. घाटात रेल्वे चढत होती. तिच्या मागच्या इंजिनांचा आवाज कोणी न सांगता सगळे ऐकत होते.

धुकं विरळ झालं तेव्हा पंगतीचं खाऊन झालं होतं. पुढे छत्री तशीच रोवलेली दिसली. तिच्या अलीकडे गवत होतं, पलीकडे काही नव्हतं. छत्री लताबाईंनी आणून दिली. गुरुजींनी ती घेतली, झटकली आणि मगच, सगळे उठल्यावर, उठले.

परतीच्या वाटेवर घोटीला चहाला गाडी थांबली. खंडेरावांनी पुड्यांचं खोकं उतरवून ओळखीच्या दुकानदाराला देऊन टाकलं आणि लताबाईंजवळ येऊन विचारलं, “उद्याला पत्रावळी हायत का?”

“घ्याव्या लागतील,” लताबाई म्हणाल्या. “आज दोन कमी पडल्या.”

पंगत चालू राहिली. गुरुजींचे यजमानही येत राहिले. गाडीत बसवताना गुरुजी त्यांना पोह्यांविषयी काही सांगत नसत, चांगलं ना वाईट. बाई बसा म्हणाल्या की बसायचं, एवढं मात्र प्रत्येकाला बजावत. त्या यजमानीणबाई पुन्हा आल्या नाहीत. काहींनी विचारून घेतलं आणि गाडीत चढले नाहीत, हेही झालं. गाडी सुटायच्या वेळी भरलेली असे, म्हणून खंडेरावांनी त्याची चौकशी केली नाही.

१९८३ च्या श्रावणात गुरुजी पुन्हा एकदा स्वतः आले. पुण्याचे व्याही आले होते, त्यांना दरी दाखवायची होती. लताबाईंनी पत्रावळी मांडल्या. व्याही बसले, विहीणबाई बसल्या. गुरुजीही कोणी न सांगता रांगेत बसले, पुढ्यातली पत्रावळ बाजूला सारली, पिशवीतून घरचा डबा काढला आणि उघडून समोर ठेवला. भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. व्याह्यांनी पोहे घेतले, दोनदा घेतले. गुरुजी आपली भाकरी खात राहिले.

खंडेरावांनी लांबून लताबाईंकडे बघितलं. त्यांनी डब्याकडे पाहिलं होतं, पण त्यांची हरकत दिसली नाही. त्या नेहमीसारख्या रांगेच्या मागून निघाल्या, एकेका खांद्यावर हात टेकवत. गुरुजींपाशी आल्या, त्यांच्याही खांद्यावर हात टेकवला, आणि पुढे गेल्या.