आम्रपालीचे रोल

आमच्या रिसाली वस्तीतल्या प्रेमानंद रामटेकेनं आयुष्यात काय केलं नाही ते विचारा. पोलादाच्या प्लांटात क्रेन चालवली ती पोटासाठी. बाकी वेळात चित्रं रंगवली, भंगारातल्या सळया वाकवून पुतळे उभे केले, भीमजयंतीच्या नाटकांचे पडदे केले आणि या सगळ्यापेक्षा जास्त फोटो काढले. त्याच्या फोटोत चेहरा कधी नसायचा. सावल्या, हात, पाठी, गंजलेले पत्रे. रायपूर-भोपाळची कलावंत मंडळी त्याला आधुनिक म्हणत. आम्ही शेजारी डोकं फिरलेला म्हणायचो. मी छेडलं की म्हणायचा, "चेहरा देल्ला का पाहनारा तेथंच अटकते, भाऊराव. पुढं पाहतच नाई."

या हट्टापायी त्याच्या बायकोचे, आम्रपालीचे, हात फ्रेम होऊन भिंतीवर, पाठ भिंतीवर, साडी वाळत घालतानाची सावली तर दिल्लीला प्रदर्शनात जाऊन आली. तोंड मात्र कुठंच नाही. लग्नाच्या फोटोतही मान खाली आणि पदर नाकापर्यंत. "मानसासारखा एक फोटो काढा ना माहा," ती म्हणायची. शेवटच्या दुखण्यात तिनं खाट धरली तेव्हा कुठं त्यानं काढले. समोरून, चेहऱ्याचे, दोन रोल भरून. ती गेली आणि ते रोल धुवायची त्याची छातीच झाली नाही. डब्यात बंद करून ठेवले. त्यांची पोर करिष्मा तेव्हा नुकती चालायला लागली होती.

यंदा करिष्माचं लग्न ठरलं. ती बापाला म्हणाली, "बाबा, लग्नात बुद्ध-बाबासाहेबांजवळ मले आईचा फोटो पाहिजे. मी तिचं तोंडच पाह्यलं नाई."

प्रेमानंद उठून आत गेला. रोलचा डबा आणून त्यानं तिच्या हातात दिला. "याच्यात हाय तुही माय. माह्या डोयायनं आता होत नाई. जपून धुवून घेजो."

जवळच्या पद्मनाभपुरातला एक जुना स्टुडिओवाला अजून रोल धुण्याचं काम करतो, हे तिला ठाऊकच असेल असं धरून तो बोलला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या अंगणात चहा पीत होतो. करिष्मा खुशीत आली. "सब धो दिए, बाबा! किती धूळ होती डब्यावर."

भर उन्हात, कपड्यांच्या शेजारी, तारेवर चिमटे लावून फिल्मच्या दोन लांब पट्ट्या लटकल्या होत्या. खाली बादलीत साबणाचा फेस. मी चहाचा कप खाली ठेवला. मोबाईलवर वाढलेल्या पोरीला 'रोल धुणं' म्हणजे अंधाऱ्या खोलीत, रसायनात, हे कोणी कधी सांगितलं होतं?

तिनं एक पट्टी उजेडाकडे धरली. "पन आई दिसूनच नाई राहिली."

"उजेड लागला, बेटा," प्रेमानंद एवढंच बोलला. "आता नाई दिसत."

तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती तिथंच ओल्या फरशीवर बसली आणि अशी रडली की मला तो आवाज सहन होईना. मी प्रेमानंदवर ओरडलो, "धडधाकट होती तवा चेहरा नाई काढला, मेल्यावर धुतला नाई. भोग आता!" त्यानं पट्ट्या गुंडाळून परत डब्यात ठेवल्या.

लग्नाच्या दिवशी मंडपात पाहतो तर बुद्ध-बाबासाहेबांच्या बाजूला आम्रपालीची मोठी तसबीर. समोरून काढलेला चेहरा, ओळखीची हिरवी साडी, वर हार. बाया डोळे पुसत होत्या. हा आला कुठून? मी जवळ जाऊन पाहिलं. ती करिष्मा होती, आईची साडी नेसलेली.

मी प्रेमानंदचा दंड धरला. "जित्या पोरीच्या फोटोले हार घातला तू?"

"मले आम्रपालीचं तोंड आठवूनच नाई राहिलं, भाऊराव," तो म्हणाला. "चितारून पाह्यलं, जमलं नाई. हिच्यात असंन म्हनून हिचाच काढला."

नवरीच्या वेशातली करिष्मा त्या तसबिरीपुढं वाकली, हात जोडले, मग माझ्याजवळ आली.

"काका, आई अशीच दिसत होती ना?"

मी हो म्हटलं. आम्रपालीचं नाक बसकं होतं आणि हसली की तिचा एक डोळा मिटायचा. त्या फोटोत यातलं काहीच नव्हतं.