सायकलीवरच्या फुल्या

जावईबापूंनी सासूबाईंची सायकल उभ्या ट्रकच्या मागे टेकवून ठेवली आणि ट्रक मागे आला. एवढीशी हकिगत, पण घरी ती सांगताना त्यांना दोनदा पाणी प्यावं लागलं.

सासूबाई शिवणकाम करायच्या. उद्या शाळा उघडणार, गणवेशांचा ढीग दारात, आणि ते घरोघर पोचवणारी सायकल जमिनीला समांतर! नवीन परवडणारी नव्हती. मग दोघं जुनी शोधायला निघाले.

पहिल्या विकणाऱ्याने बिनचेनच्या सायकलीला नव्या सायकलीचे पैसे मागितले. वर म्हणतो, "चेन काय, कुठेही मिळते!" दुसऱ्याची सायकल वडिलांची, म्हणून किंमत दुप्पट. दोन्हीकडे जावईबापूंचा हात अपराधी मनाने खिशाकडे गेला आणि दोन्हीकडे सासूबाईंनी तो वरच्या वर धरला.

तिसरे निघाले निवृत्त मास्तर. "लोखंड बघा, लोखंड! नवीपेक्षा जरा जास्तच पडतील."

"घंटी काय गोड आहे हो!" जावईबापू विरघळले.

"तुम्ही गप्प उभे राहा."

सासूबाईंनी घासाघीस केलीच नाही. पिशवीतून शिवणाचा खडू काढला आणि कापडावर खूण करावी तशी गंजक्या मडगार्डवर फुली मारली. मग डुगडुगत्या पेडलवर. मग वाकड्या रिमवर. मास्तर आधी हसले, मग खाकरले.

"अहो, सीटवर कसली फुली?"

"उसवलंय."

"सायकल उसवते?"

"हात लावून बघा."

आतली स्प्रिंग मास्तरांच्या बोटाला कडकडून चावली.

तेवढ्यात मास्तरीणबाई बाहेर आल्या. "खडू द्या बघू इकडे!" त्यांनी कॅरिअरवर फुली मारली. "इथून मला भर चौकात पाडलं होतं. घर येईपर्यंत यांना पत्ताच नाही! एकटेच बोलतायत!" मग वळून मास्तरांच्याच सदऱ्यावर भलीमोठी फुली. "यांचे किती द्याल, बाई?"

"ते राहू द्या. त्यांना सुटे भाग मिळायचे नाहीत."

जावईबापू हसता हसता सायकलवर रेलले. सायकल आडवी, ते तिच्यावर आडवे, आणि मडगार्ड टणटणत थेट मास्तरांच्या पायाशी.

"न्या हो, अर्ध्या किमतीत न्या!" मास्तर डोळे पुसत म्हणाले. "नाहीतर ही मला विकेल!"

सासूबाई टांग टाकून निघाल्या. मडगार्ड काखेत धरून जावईबापू मागून धावत होते. "आई, अधूनमधून मी नेऊ ना ही?"

"तुम्ही पायीच जा."