आधी गाडी की आधी पत्ता

इंदिरानगरातल्या एका खासगी रुग्णवाहिका सेवेत अहल्या फोन घ्यायची. घराणं पिढ्यानपिढ्या बेंगळुरातलं. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि शहरातले रस्ते, तिथल्या भाषेत क्रॉस नि मेन, तोंडपाठ. फोन उचलायचा, पत्ता घ्यायचा, गाडी सोडायची, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत गाडी रस्त्याला लागलेली असायची.

मागच्या वर्षी एका बाईने घाबऱ्या आवाजात सांगितलं, "मंजुनाथ लेआउट, पाचवा क्रॉस." अहल्याने मारतहळ्ळीच्या मंजुनाथ लेआउटला गाडी सोडली. बाई बोलत होती आर. टी. नगरच्या मंजुनाथ लेआउटमधून. चूक लक्षात येईपर्यंत गाडी शहराच्या भलत्याच टोकाला दार शोधत होती. त्या बाईचे वडील वाचले, पण त्यांची वाचा गेली ती परत आली नाही.

तेव्हापासून फोन वाजला की अहल्याची बोटं गार पडायची. ती पत्ता तीनतीनदा विचारू लागली. पिनकोड, शेजारचं दुकान, समोरचं झाड. पलीकडून माणसं ओरडायची, "अहो बाई, माणूस जातोय इथं!" त्या ओरडण्याने ती आणखी घाबरायची आणि आणखी एकदा विचारायची.

शेवटी विद्याधरने तिला बाजूला बोलावलं. तो शिफ्टचा प्रमुख, पुण्याहून आलेला, वयाने तिच्याहून लहान.

"अहल्याताई, मी रागवत नाहीये. पण तुमचे कॉल्स फार लांबतायत. काल मत्तिकेरेच्या पेशंटला शेवटी रिक्षात घालून न्यावं लागलं."

"आणि चुकीच्या ठिकाणी गाडी गेली तर, सर?"

"आणि गेलीच नाही तर? हे बघा, काही दिवस बिलिंगला बसता का? तिथे कुणाच्या जिवाशी खेळ नाही."

मनातून तिला हो म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक फोन विद्याधरनेच तिच्याकडे वळवला. "मराठी बोलतायत. तुम्हीच घ्या."

"ताई, मी अनुसूया. संगमनेरहून कांद्याची गाडी घेऊन आलो आम्ही," पलीकडची बाई रडत होती. "आमचे मालक खाली पडलेत. हाक मारली तर ओ देत नाहीत."

"कुठे आहात?"

"मार्केटात. कांद्याच्या. मला इथलं काही म्हणजे काही माहीत नाही हो!"

यशवंतपूर, अहल्याच्या मनाने लगेच म्हटलं. पण मंजुनाथ लेआउटच्या वेळीही मन असंच लगेच बोललं होतं. कांदा दासनपुराच्या मार्केटातही उतरतो, के. आर. मार्केटातही. आता सगळं विचारत बसलं तर त्या माणसाचा जीव जाईल, आणि न विचारता गाडी सोडली तरीही जाईल.

एकच प्रश्न विचारायचा. कुठला?

"अनुसूयाताई, शेजारी जो कुणी हमाल असेल त्याच्या हातात फोन द्या. आत्ता!"

एक पुरुषी आवाज आला. तिने कन्नडमध्ये विचारलं, "अण्णा, हे कुठलं मार्केट?"

"यशवंतपूर, अक्का."

तिने गाडी सोडली. गेट कुठलं, गाळा कुठला, काहीच माहीत नसताना सोडली. पण आता गाडी धावत होती आणि विचारायला वेळ होता. एका कानाला हमाल, दुसऱ्या कानाला ड्रायव्हर सयाजी. हमालाने फाटक सांगितलं, ते तिने सयाजीला कळवलं. माणूस श्वास घेत नाही असं तो म्हणाला, तेव्हा फोन स्पीकरवर ठेवायला लावून हमालाला छातीच्या मधोमध दाब द्यायला शिकवलं. "जोरात, अण्णा. थांबू नका."

अनुसूयाचं रडणं ऐकू येत होतं. गाडी पोचली की नाही ते कळत नव्हतं. मार्केटाच्या तोंडाशी ट्रक अडकलेत, असं सयाजी म्हणाला आणि मग त्याचा आवाजच बंद झाला. अहल्याने डोळे मिटून घेतले. दुसरं फाटक असेल तर? हमालाची चूक झाली असेल तर?

"पेशंट मिळाला, अक्का. नाडी लागतेय," सयाजी म्हणाला.

तिने हेडफोन काढला आणि बाथरूममध्ये जाऊन उलटी केली.

अनुसूयाचा नवरा जगला. पंधरवड्याने दोघं संगमनेरला परत गेली. विद्याधरने बिलिंगचा विषय पुन्हा काढला नाही; उलट नव्या मुलींना तिच्या शेजारी बसवू लागला. अहल्या त्यांना म्हणे, "जे चुकलं तर गाडी भलत्या टोकाला जाईल, तेवढंच आधी पक्कं करायचं. बाकीचं चाकं फिरायला लागल्यावर."

घरी मुलगी संहिता एकदा जेवताना म्हणाली, "अम्मा, आता नाही ना भीती वाटत?"

"वाटते ग. पूर्वी ती गाडी सोडायच्या आधी धरायची, आता सोडल्यावर धरते." तिने ताट थोडं पुढे सरकवलं. "भात नको मला. स्वल्प ताक दे."