मिस व्हर्नेल दम घ्यायला थांबली तेव्हा

मेसेज आला तेव्हा मी सकाळच्या टीम मीटिंगमध्ये होते, माझं बोलून झालं होतं आणि म्यूटवर टोस्ट खात होते. मिस व्हर्नेलच्या मुलीचा, डेनिसचा मेसेज. मॉम गेली, झोपेतच. आणि खरं सांगू, डोक्यात पहिलं काय आलं? सातवं गाणं. ते दुरुस्त करायचं राहिलंय... लाज वाटली स्वतःची. आता पाच आठवडे झाले तरी तेच फिरतंय, म्हणून लिहून टाकतेय.

मिस व्हर्नेल माझ्या खालच्या अपार्टमेंटमध्ये राहायची. इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावात वयस्कर बायकांना नावाआधी मिस लावून हाक मारतात, आपण काकू म्हणतो ना, तसंच. मनात मात्र मी तिला अगंतुगंच करायचे. माझा नवा माइक चुकून तिच्या दारात डिलिव्हर झाला, तो वर आणून देताना तिने विचारलं, तू गातेस का? मी म्हटलं, नाही, पॉडकास्ट करायचाय. ती म्हणाली, मग हा वाया जाणार. पंच्याहत्तरीची बाई, तरुणपणी क्लबांमध्ये रिदम अँड ब्लूज गायलेली, भिंतभर चमचमत्या ड्रेसमधले फोटो. आयुष्यभर प्रेमाची आणि दगाबाजीची गाणी. आता तिला एकच अल्बम करायचा होता, गॉस्पेलचा, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांचा, लहानपणी ज्या चर्चमध्ये ती पहिल्यांदा गायली तिथेच, तिथल्याच माणसांसोबत. फुप्फुसं साथ देत नव्हती, त्यामुळे घाई होती.

मग काय, चार महिने दर शनिवारी दुपारी मी माइक, लॅपटॉप आणि तिला गाडीत घालून निघायचे. वीस-पंचवीस माणसं, एक पियानो, आणि दर वेळी माझ्यासाठी कोणीतरी घरून काहीतरी गोड आणलेलं. देवाची गाणीसुद्धा ती अशी लाडात गायची ना, की एकदा पियानोवाले आजोबा हात थांबवून म्हणाले, "व्हर्नेल, देवाला पटवतेयस का?" ती म्हणाली, "मग? त्याच्याशी कोणी गोड बोलूच नये का?" अख्खं चर्च हसलं.

सातव्या गाण्यात मध्येच तिचा दम संपला. ती थांबली, खुर्चीची पाठ घट्ट धरली... आणि कोणी गाणं थांबवलंच नाही यार. सगळे तोंड मिटून तोच सूर गुणगुणत राहिले, पायाने ठेका देत, कोणी सावकाश, सावकाश म्हणत, ती परत येईपर्यंत. मग ती आली, जिथे सोडलं होतं त्याच शब्दावर. मला भरून आलं. ते गाणं मी फोनवरही व्हिडिओ करत होते, तो तसाच नागपूरला आईला पाठवून दिला.

आणि घरी येऊन काय केलं? मी टेस्टर आहे, दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. ते थांबणं मला चूकच वाटलं. कापलं, दोन्ही टोकं जोडली, पाय, खोकला, गुणगुण सगळं साफ केलं, आणि लॅपटॉप भरला म्हणून मूळ रेकॉर्डिंग डिलीट! मोठ्या तोऱ्यात तिला ऐकवायला गेले. तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"बेबी," ती म्हणाली, "माझी माणसं कुठे गेली?"

डिलीट केलंय हे मी सांगितलंच नाही. म्हटलं, या वीकेंडला परत घालते. मग पुढच्या. वाटत होतं, तिला जरा बरं वाटलं की पुन्हा रेकॉर्ड करू. जिन्यात भेटली की ती विचारायची, आली का माझी माणसं? मी म्हणायचे, येतायत...

फ्युनरलनंतर डेनिसने सगळ्या फाइल्स मागितल्या, चर्चला अल्बम काढायचा होता. पार्किंगमध्ये उभ्याउभ्या मी तिला सगळं सांगून टाकलं. माझ्या फोनमधला व्हिडिओही गेलेला, कारण मी दर महिन्याला फोन साफ करते. मग आठवली आई. आई फोनमधलं काहीही डिलीट करत नाही, गुड मॉर्निंगची फुलंसुद्धा, आणि त्यावरून मी तिला किती बोललेय! तिथूनच फोन लावला.

"आहे नं," आई म्हणाली. "त्या बाईंना दम लागला होता, तोच नं? मी लावते कधीकधी. सगळे थांबतात त्यांच्यासाठी, ते बरं वाटतं. पाठवते. आणि आता पुन्हा मला डिलीट कर म्हणून सांगू नकोस."

डेनिसने तो गाडीत बसून ऐकला, दोनदा. खरखर आहे, आवाज लांबून येतो, आणि सुरुवातीलाच माझी कुजबुज आहे, आई, ऐक ना. मी म्हटलं, एवढं तरी कापते. डेनिस म्हणाली, "तू आता काहीही कापायचं नाहीस."

अल्बम आलाय. ऑफिसला ड्राइव्ह करताना मी सातवं गाणं लावते. ती थांबते तिथे माझाही पाय ॲक्सिलरेटरवरून सुटतो, मागचा हॉर्न मारतो. मारू दे. तोंड मिटून मी तो सूर धरून ठेवते... ती येईपर्यंत.